जावयाच्या नावावरचा मोबाइल

मोबाइलची मला काही गरज नव्हती, हे आधीच कबूल करतो. आंजीला आमची भाज्यांची वाडी होती. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. माल वर्ध्याच्या बाजारात जायचा आणि गावातल्या एसटीडीवरून अडत्याला भाव विचारला की काम भागायचं. पण बाजारातल्या दोघा-तिघांच्या खिशात मोबाइल दिसायला लागला आणि माझ्या डोक्यात ते खूळ शिरलं. भाव आधी कळला तर तोडा कधी करायचा ते ठरवता येईल, असं मी घरी पटवून दिलं. बोलायला मी कधीच कमी नव्हतो.

नवं शतक लागून एक-दोन वर्षं झाली असतील. दुकानदार म्हणाला, पोस्टपेड घ्या, पण खेड्याचा पत्ता चालणार नाही. शहरातला पत्ता आणि पगाराची स्लिप आणा. माझी धाकटी बहीण वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेला दिलेली. जावई शाळेत कारकून, शिस्तीचा माणूस, चपलासुद्धा भिंतीला समांतर काढणारा. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि बिल वेळेवर भरा, एवढंच म्हणाले. आई माझ्यावर भडकली. जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं, ही तिची रीत. मी म्हणालो, सहीच तर घेतली, पैसे थोडेच घेतले.

बिल बहिणीच्या घरी यायचं. बाजाराच्या दिवशी तिच्याकडे भाजीची पिशवी टाकायची आणि बिल घेऊन यायचं, असं ठरलं. ती दहावी झालेली. सासरचे सगळे कागद तीच सांभाळायची. विजेचं बिल, गॅसचं पुस्तक, सासूच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या. मोहल्ल्यातल्या बायका बचत गट काढत होत्या आणि त्यांनी सचिव म्हणून तिचंच नाव धरलं होतं. सांगताना तिचा चेहरा असा खुलला होता की मलाही अभिमान वाटला.

इकडे माझा नंबर गावभर झाला. पूर्वी शेजारच्या फोनचा नंबर नातेवाइकांना देत, तसा लोकांनी माझा मोबाइल नंबर पुण्यापासून रायपूरपर्यंत वाटला. त्या वेळी आलेल्या फोनलाही पैसे पडत. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. कुणाच्या जावयाचा फोन आला की मी सायकल काढून बोलवायला जायचो आणि तोवर फोन चालूच ठेवायचो. पहिली बिलं हसत भरली. त्यानंतर भाजीचा भाव पडला, वांग्यांत अळी शिरली, आणि बिल तर फुगतच गेलं. पाच-सहा महिन्यांत मला कळून चुकलं की हे आपल्या ऐपतीतलं नाही.

बंद करायला वर्ध्याला गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या, त्यांची सही लागेल आणि थकबाकी आधी भरावी लागेल. म्हणजे जावयासमोर उभं राहून म्हणायचं, की तुमच्या नावावर मोठेपणा केला, तो आता झेपत नाही. माझ्याच्यानं ते होईना. बाहेर आलो, सिमकार्ड काढलं आणि खिशात टाकलं. आपण बोलायचंच बंद केलं तर बिल कशाचं येणार? घरी वीज जाळली नाही तरी मीटरचं भाडं येतं, हे मला ठाऊक होतं. पण माणसाला जे सोयीचं असतं तेच त्याला पटतं.

तिथून बहिणीकडे गेलो. तिला सांगितलं, फोन बंद केला. आता त्या कंपनीचं काही आलं तर ती जाहिरात समज आणि बंबात टाक. तिनं एकदाच विचारलं, खरंच बंद केला न? मी हो म्हणालो.

चार-पाच महिन्यांनी जावयाचा निरोप आला, लगेच या. गेलो तर बहिणीची सासू ओसरीत तोंड फिरवून बसलेली. आदल्या दिवशी वसुलीची दोन माणसं दारात येऊन, आजूबाजूच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात जावयाचं नाव घेऊन गेली होती. जावई खुर्चीत ताठ बसले होते. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

ते म्हणाले, "बिलं आली होती, वकिलाची नोटीसबी आली होती. तुमच्या बहिनीनं सगळी बंबात जाळली. काऊन जाळली त म्हनते, मले वाटलं जाहिराती हायत. दहावी शिकली म्हून सारे कागद हिच्या हाती देल्ले होते मी."

बहीण दाराच्या चौकटीत उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला एवढंच म्हणायचं होतं, की मीच तिला जाळायला सांगितलं. दोन श्वासांचं काम. मी म्हणालो, "उद्या मी पैसे भरतो, जवाईबुवा." ते म्हणाले, पैशाचं नाही हो, दारात माणसं आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या ऑफिसात गेलो. पैसे मी भरले. जावयांनी फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, सही केली आणि फोन बंद झाला. दहा मिनिटं लागली. परतताना त्यांनी माझ्या चहाचेही पैसे दिले, त्याची लाज मला आजही वाटते.

त्याच आठवड्यात त्यांनी घरातले सगळे कागद आपल्या कपाटात नेऊन कुलूप लावलं. बचत गटाच्या बायका आल्या तेव्हा त्यांना सांगितलं, घरचे कागद जिला कळत नाहीत तिच्या हाती गटाचं रजिस्टर देऊ नका. सचिव दुसरीच झाली. हे मला बहिणीच्या शेजारच्या बाईनं सांगितलं, बहिणीनं नाही.

मी तडक सिंदी मेघेला गेलो. जावई शाळेत होते, सासू निजली होती. बहीण अंगणात गहू निवडत होती. मी म्हणालो, आज ते आले की मी सगळं खरं सांगणार.

तिनं सूप खाली ठेवलं. "नोको सांगू, दादा. मले अडानी म्हनतीन त म्हनू दे, त्यानं काई माहं जेवन बंद होत नाई. तू खोटा ठरला त हे मले तुह्या दारात पाय ठेवू देनार नाईत. मंग मी कोठी जाऊ?"

मी तिथून उठलो आणि जावई यायच्या आत आंजीची बस धरली. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तिनं गळ घातली म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला समजावत आलो आहे. पण तिनं गळ घालायच्या आधीच, त्या खुर्चीसमोर, मी गप्प बसलो होतो.