मामाजी, मोटार आणि बपेऱ्याची बाई

माणसाशी, यंत्राशी आणि वेळ आलीच तर देवाशीही वाद घालून शेवटचा शब्द आपलाच ठेवणारा माणूस बघायचा असेल, तर करडीला जाऊन माझ्या सासऱ्यांना भेटा. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मुलगी बघायला गेलो तेव्हा चहात साखर जरा कमी आहे, एवढंच मी बोललो. "साखर बरोबर हाये, तुमची जीभ बिघडली," असं उत्तर आलं. जीभ बिघडलेला जावई त्यांनी पसंत कसा केला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली, तर घेतली. पण ती खांद्यावर टाकून हिंडायला लागले. टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या पोरीला ते रोज उलट उत्तरं देतात. "उद्या पाणी येते म्हन्ते! कायले येईन? मी पाह्यलं ना आभाळ!" दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे भिजतो आणि मामाजी म्हणतात, हा पाऊस नव्हेच, हे नुसतं शिंतोडणं.

एवढा हट्ट एका अंगात मावेना म्हणूनच की काय, त्यांनी एक मोटार पाळली आहे. दुधी रंगाची, गोल पाठीची, माझ्या बायकोच्या जन्माआधीची. रस्त्यावरच्या नव्या गाड्यांना ते 'टिफीनचे डबे' म्हणतात. घराला लागूनच धान भरडायची राईस मिल आहे आणि हंगामात कोंड्याची बारीक भुकटी सगळ्या घरावर बसते. या कोंड्याशी मामाजींचं हाडवैर! मोटारीवर मामीजींच्या जुन्या लुगड्यांचं पांघरूण, आरशांना टोपडी, हॉर्नच्या तोंडात कापसाचा बोळा. मागच्या हंगामात तर त्यांनी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बसवलं. झाकण इतकं घट्ट झालं की उघडायला दोन्ही हात लागायचे. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "जिथून हवा जाते तिथून कोंडा जाते, जवाईबापू. आता जाऊन दाखवा म्हनावं."

आणि त्याच हंगामात गाडी चालता चालता मरायला लागली. सुरुवातीला अगदी झकास चालायची, मग दोन आचके द्यायची आणि भर रस्त्यात इंजिन गप्प. मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून कान किटवायचे. मामाजी शांतपणे बोनेट उघडायचे आणि जाहीर करायचे, "कॉईल तापली." गळ्यातला दुपट्टा ओला करून कॉईलवर टाकायचा, टपरीवर चहा घ्यायचा, आणि परत येऊन चावी फिरवली की गाडी सुरू! "पाह्यलं? कॉईलच होती!" मग नवी कॉईल आली. गाडी मेली. प्लग बदलले. मेली. पॉईंट घासले, कार्बोरेटर तोंडाने फुंकला, मिशांना आठवडाभर पेट्रोलचा वास येत राहिला, तरी बाईसाहेब रस्त्यात मरतच होत्या. मेकॅनिकचं नाव काढायची सोय नव्हती. "तो हिले ओळखते का? मी ओळखतो."

शेवटी माझ्या मेहुण्याने हात टेकले. धक्का मारून मारून बिचाऱ्याची कंबर गेली होती. "बाबा, गाडी बुढी झाली. आता आणखी एकदा रस्त्यात बंद पडली, तं मी भंगारवाल्याले बोलावतो."

"बुढी झाली म्हनून कोनी मरत नाही बे! कारन असते. मी शोधून राहिलो ना?"

त्यांच्या या चिडण्यामागे खरी गोष्ट वेगळी होती. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. मामाजींची थोरली बहीण, त्यांची बाई, बपेऱ्याला असते. आई लवकर गेली, मामाजींना या बाईनेच कडेवर घेऊन वाढवलं. दरवर्षी मंडईला ते तिला याच मोटारीतून आणत. आता बाई पार थकली होती. तिची मुलं पाठवायला तयार नव्हती, पण तिने निरोप धाडला होता, "येईन तं बाबूच्या मोटारीतच येईन." मामाजी एकदाच मला म्हणाले, "यंदा नाही आली तं मंग कवा येईन जी ते?" आणि तोंड फिरवून लुगडी झटकायला लागले.

म्हणून भाऊबीजेच्या सकाळी आम्ही दोघे निघालो. जाताना गाडी मेली, हे सांगायला नकोच. येताना मागच्या सीटवर बाई होती. तिच्या मुलांनी तिला शालींत गुंडाळून, कानटोपी घालून, काचा गच्च लावून बसवलं होतं. तुमसर यायच्या आधीच दोन आचके बसले आणि इंजिन गप्प झालं. मामाजींनी दुपट्ट्याला हात घातला.

मागून बाई म्हणाली, "टाकीत तेल हाये का रे बाबू?"

"भरून आनलं बाई."

"दाखव मले."

जगात या एकाच बाईपुढे मामाजींचं काही चालत नाही. ते मुकाट्याने उतरले आणि झाकणाशी दोन्ही हातांनी झटू लागले. झाकण सैल होताच टाकीने 'सूंऽऽ' करून बाहेरची हवा आत ओढली. मी आतूनच हात लांबवून सहज चावी फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं!

मामाजी झाकण हातात घेऊन तसेच उभे. आता कोणाच्या माथी खापर फुटतं याची मी वाट बघत होतो. त्यांनी नखाने ते रबर ओरबाडून काढलं आणि शेजारच्या धानाच्या बांधीत भिरकावलं. "तेल निंगते, पन हवा आत जात नाही. मंग तेल तरी कसं येईन? चहा पेवोपर्यंत थोडी हवा झिरपत होती, म्हनून चालू होत होती. माह्याच हातानं गळा दाबला बाई मी हिचा. कोंडा लागू नये म्हनून."

"अरे, मलेबी तसंच करून ठेवलं पोट्ट्यायनं," बाई म्हणाली आणि तिने कानटोपी ओढून काढली. "थंडी लागन, धूळ लागन! खोल तो काच!"

पुढे करडीपर्यंत चारही काचा उघड्या होत्या. धूळ खात, खोकत, रस्त्यावरच्या माणसांना हाका मारत बाई माहेरी आली. मंडईत तिने भजी खाल्ली, दंडारीचा खेळ बघितला, आणि मेहुण्याने भंगारवाल्याचा विषय पुन्हा काढला नाही.

बाई पुढच्या उन्हाळ्यात गेली.

यंदा भाऊबीजेला मामाजींनी तरीही मोटार बाहेर काढली. मी शेजारी जाऊन बसलो. बपेऱ्याला भाच्यांनी चहा दिला. मामाजी थोडा वेळ बाईच्या खाटेजवळ बसले आणि उठले. परतताना मोटार अशी चालत होती की नव्या गाडीने लाजावं. तुमसरच्या अलीकडे, गेल्या वर्षी बाई असताना मेली होती तिथेच, मामाजींनी ती आपणहून कडेला घेतली.

"काय झालं मामाजी? बंद पडली का?"

"नाही जी. चांगली चालून राहिली." ते समोर बघत होते. "पडू द्या थोडा वेळ बंद."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चावी फिरवली.