मुंजीच्या फोटोची उजवी कड

झाशीतल्या आमच्या छोट्याशा मराठी गोतावळ्यात बरा कॅमेरा असलेला माणूस म्हणजे मी. बारसं असो, मुंज असो, गणपती असो, कॅमेरा माझ्या गळ्यात असायचाच. मी काही फोटोग्राफर नव्हे, रेल्वेच्या ऑफिसात फायली सरकवणारा कारकून. पण कोणी "भैया, एक हमारा भी" म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढायचं.

जुना कॅमेरा बरीच वर्षं वापरून झाल्यावर मी फुल फ्रेम घेतला. त्याच्या आतला सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो तुकडा, जुन्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. त्याला लेन्सही त्याच मापाची लागते. ती नंतर घेऊ म्हणून मी जुनीच चढवली. अशी लेन्स लावली की कॅमेरा आपण होऊन कडा सोडतो आणि मधलाच भाग घेतो. मला हे अपमानास्पद वाटलं. मोठा सेन्सर घ्यायचा आणि वापरायचा त्याचा मधला तुकडा? मी ती सोय बंद करून टाकली. आता चित्र पूर्ण यायचं, फक्त दोन्ही कडांना काळोख धरायचा. नंतर कापू, असं मी स्वतःला समजावलं.

कॅमेरा पाहून थोरल्या भावाने एवढंच विचारलं होतं, "मोबाईलवर काय वाईट येतात रे?" ते मला चांगलंच झोंबलं. महिन्याभरात त्याच्या नातवाची मुंज होती. म्हटलं, दाखवतोच आता.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ऐन तरुणपणी ती माहेरी आली आणि इथलीच झाली. शाळेत हिंदी, गल्लीत बुंदेली, अशा वातावरणात माझ्या तोंडी मराठी टिकलं ते केवळ तिच्यामुळे. पण आमच्या घरातले अल्बम उघडा, आत्या कुठे दिसायची नाही. फोटोची वेळ झाली की तिला स्वयंपाकघरात हमखास काहीतरी काम निघायचं. तिला कोणी जा म्हणत नसे. ये असंही कोणी म्हणत नसे.

त्या दिवशी मी म्हटलं. आणि चारचौघांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं, कारण आपण किती सुधारलेले आहोत हे लोकांना कळायला हवं होतं ना! "आत्या, तू आल्याशिवाय मी फोटो काढणार नाही."

"अरे, मला कशाला मधे? पुऱ्या व्हायच्यात अजून."

"पुऱ्या राहू देत."

तिने हात धुतले, पदर सारखा केला आणि आली. मधे बसली नाहीच. रांगेच्या उजव्या टोकाला, शेवटच्या सुनेपासून हातभर अंतर राखून उभी राहिली. शुभकार्यात विधवेने अंग चोरून असावं, हे तिच्या मनावर लहानपणापासून कोरलेलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर ती नेमकी काळोखात. "आत्या, जरा आत सरक," एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर सगळी रांग हलली असती आणि भावाने विचारलं असतं, "मावत नाही का रे तुझ्या मोठ्या कॅमेऱ्यात?" तो माझ्याकडेच बघत होता. मी बटण दाबलं.

इलाइट चौराह्यावरच्या दुकानात मोठी प्रिंट करायला गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, कामात चोख. पडद्यावर बघून म्हणाला, "बाबूजी, किनारे काले आ रहे हैं। काट दें? पर इधर एक अम्माजी खड़ी हैं, वो भी कट जाएँगी।"

अर्धा चेहरा अंधारात होता, तरी ती हसतेय हे दिसत होतं. तो भाग उजळून बघता आला असता. थोडी काळी कड राहिली असती, आणि भावाला बोलायला जागा मिळाली असती.

"काट दीजिए," मी म्हणालो.

रविवारी सगळ्यांसमोर फ्रेम उघडली. भाऊ म्हणाला, "मानलं बुवा!" मी फुगलो. मग आत्या चष्मा लावून पुढे आली. डावीकडून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत, नावं घेत निघाली. बोट उजव्या टोकाला लाकडावर थांबलं. तिने पुन्हा डावीकडून सुरुवात केली. मग माझ्याकडे पाहिलं.

ती काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "तू तेव्हा आत होतीस ना, आत्या? पुऱ्या बघायला गेली होतीस."

तिला हात धुऊन येताना पाहिलेली निम्मी माणसं खोलीत होती. एकालाही काही आठवलं नाही.

"हो, असेन," आत्या म्हणाली. "आतच असेन. छान आलाय हो फोटो."

आजवर मी लहानमोठ्या पुष्कळ थापा मारल्या आहेत, पण या थापेची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही. ज्या बाईने मला बोलायला शिकवलं तिला मी ती कुठे होती ते पढवलं. पुढे रीतसर लेन्स घेतली. तिचा एकटीचा फोटो काढू म्हटलं, तर "आता कशाला" म्हणून तिने उडवून लावलं. दोनदा कबूल करायला म्हणून तिच्याजवळ जाऊन बसलो. "आत्या, तो मुंजीचा फोटो..." एवढं म्हणेपर्यंत ती उठायची आणि विचारायची, "चहा टाकू?" आणि मी, भित्रा तो भित्राच, "टाक" म्हणायचो.

गेल्या आठवड्यात बबीनाहून वहिनीच्या माहेरची एक बाई आली होती. बैठकीतल्या फोटोसमोर ती बराच वेळ उभी राहिली. मी तिथेच पेपर वाचत होतो. "बुआजी," तिने विचारलं, "आप तो इसमें दिख ही नहीं रहीं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हम भीतर थे," ती म्हणाली. "ये बेचारा तो बहुत बुला रहा था। हमीं नहीं आए।"