मालनच्या गॅपचं कारण

माफ करणारा मोठा असतो, असं म्हणणाऱ्यांचं स्वतःचं सहसा काही गेलेलं नसतं. माझी शेजारीण मालन हिनं सख्ख्या भावाला बावीस वर्षं माफ केलं नाही, आणि मला ती त्यासाठीच आवडते.

हर्सूलला आमची भिंतीला भिंत आहे. मालन हॉस्टेलच्या मुलींना डबे देते. डबा घ्यायला आलेल्या पोरींना ती रोज विचारणार, "आज काय शिकवलं गं?" त्या "काही नाही मावशी" म्हणाल्या की हिचं डोकं फिरतं. शिकायला मिळतं आणि वर काही नाही म्हणतात!

तिचं माहेर गंगापूर तालुक्यातलं. बारावीला ती कॉलेजात दुसरी आली होती. बी.ए.चा फॉर्म भरायला गुणपत्रिका आणि टीसी घेऊन निघाली, तर थोरला भाऊ पुंडलिक म्हणाला, "आण इकडं, मी नेतो." कागद गेले ते थेट त्याच्या कपाटात, आणि किल्ली करदोट्याला. मालननं जेवण सोडलं, आईनं हातापाया पडून बघितलं. "पोरगी शिकली की डोक्यावर बसती," एवढंच त्याचं उत्तर. दिवाळीनंतर तिचं लग्न उरकून टाकलं. नवरा वाळूजच्या कंपनीत, स्वभावानं गरीब, त्याच्याबद्दल तिची तक्रार नाही. पण राखीला माहेरी जाऊन आली की माझ्या ओट्यावर बसून म्हणायची, "विशाखाताई, ओवाळताना ते ताटच त्याच्या टाळक्यात घालावं वाटतं बघा."

यंदा मीच तिच्या मागे लागले, आता तरी शीक म्हणून. माझ्या वडिलांनी बांधकामावर मजुरी करून आम्हा चौघी बहिणींना शिकवलं. बाबासाहेबांचं नाव घ्यायचं आणि पोरगी घरात बसवायची, हे त्यांना जमणारं नव्हतं. त्यामुळे पुंडलिकसारख्या माणसाचा मला भारी राग. मालननं बोर्डातून गुणपत्रिकेची आणि जुन्या कॉलेजातून टीसीची दुसरी प्रत काढली, बी.ए.साठी ऑनलाइन नोंदणी केली. इथल्या कॉलेजाच्या यादीत तिचं नावही आलं. अडलं एका कागदापाशी. मधली वर्षं का गेली याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्याला सगळे गॅपचं ॲफिडेव्हिट म्हणतात. शुक्रवारपर्यंत ते दिलं नाही तर प्रवेश रद्द.

नेमका त्याच आठवड्यात पुंडलिक तिच्या दारात उभा राहिला. हातात साडी आणि पेढे! आई-वडील वारल्यावर सातबाऱ्यावर त्याच्याबरोबर मालनचंही नाव लागलं होतं. आता रस्त्याकडचा तुकडा विकायचा होता आणि गिऱ्हाईक म्हणत होतं, आधी बहिणीचं नाव काढा. म्हणजे मालननं हक्कसोड पत्रावर सही करायची. आमच्या भागात बहिणी करतात. माहेर तुटायला नको म्हणून करतात आणि साडी घेऊन सासरी परततात.

"गुरुवारी गंगापूरला ये, रजिस्ट्री करून टाकू," तो म्हणाला.

"येते की. पण आधी माझ्या कागदावर तुझी सही, दादा. मग तुझ्या कागदाकडं बघते."

"कसला कागद?"

"कॉलेजाचा."

तो हसला. "या वयात? बरं, करतो."

गुरुवारी जीपमध्ये मीही बसले. असा तमाशा चुकवणाऱ्यातली मी नाही. तहसीलसमोर टायपिस्टच्या टेबलाभोवती ही गर्दी. टायपिस्टनं सवयीप्रमाणे कारण टाकलं : घरगुती अडचण.

"ते काढा," मालन म्हणाली. "लिहा, माझा भाऊ पुंडलिक यानं माझे कागद कपाटात कोंडून ठेवले म्हणून मला शिकता आलं नाय. आन् खाली लिहा, वरचं कारण मला माहीत हाय, ते खरं हाय. तिथं त्याची सही."

टायपिस्ट बिचारा कामाला चोख. त्यानं टाइप केलं आणि रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. पुंडलिकला रोज रामराम घालणारे गावातले दोघं-तिघं तिथंच उभे होते. त्यांनी त्याच्याकडे माना वळवल्या.

"मालन, घरगुती अडचणच लिही ना," पुंडलिक दबक्या आवाजात म्हणाला. "तेच तर व्हतं."

"घरातली अडचण तूच व्हतास, दादा."

त्याचं तोंड बघून मला इतका आनंद झाला की लपवता येईना, आणि मी लपवलाही नाही. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. "आलो, आलो, पाचच मिनिटं," असं त्याला सांगून पुंडलिकनं पेन उचललं. कॉलेजात कोण वाचतंय, असं पुटपुटत सही केली. नोटरीचा शिक्का बसला. मालननं कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि आम्ही रजिस्ट्री ऑफिसात गेलो.

तिथं हक्कसोड पत्र तयारच होतं. साहेबांनी ते चाळून विचारलं, "बाई, राजीखुशीनं हक्क सोडताय ना? कोणाचा दबाव नाही ना?"

"राजीखुशीनं नाय, साहेब."

पुंडलिक खुर्चीतून उठलाच. "मालन! तुझ्या कागदावर मी सही केली ना?"

"तू खऱ्यावर केलीस, दादा. मी खोट्यावर कशी करू?"

साहेबांनी कागद बाजूला सारला आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर येऊन तो ओरडला, आजपासून माहेर तुटलं म्हणाला. परतीच्या जीपमध्ये मालन रडली. मला वाटलं, हिला पस्तावा झाला. तसं विचारलं तर म्हणाली, "पस्तावा कशाचा? लई बरं वाटतंय. आई पाहिजे व्हती बघायला."

शुक्रवारी कॉलेजाच्या खिडकीवर क्लार्कनं ॲफिडेव्हिट वाचलं, पुन्हा वाचलं.

"मावशी, असं कोणी लिहितं का? खरं आहे हे?"

"खाली सही बघा की. त्याचीच हाय."

त्यानं सही बघितली आणि प्रवेशावर शिक्का मारला. जोडलेली झेरॉक्स काढून तिच्यापुढे सरकवली. "एकच प्रत लागते, ही परत घ्या."

मालननं ती पुन्हा आत ढकलली. "दोन्ही ऱ्हाऊ द्या. एक हरवली तर दुसरी असावी."