निरगुडीचं तेल आणि सहावी बशी

समजा, तुमच्यासमोर पाऊण किलो निरगुडीचा पाला आहे. तो निवडायचा, कापायचा, गोल बुडाच्या काचपात्रात पाण्यासोबत तीन तास उकळायचा. वाफ थंड नळीतून उतरते आणि पाण्यावर पिवळसर तेलाची रेघ धरते. मोजली तर जेमतेम अर्धा मिली. कपड्यांचा वास मात्र दोन दिवस जात नाही.

नाहिद जुलैपासून हे करते आहे. ती जवळा बाजारची, हिंगोलीच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. निरगुडीच्या तेलाने शेळ्यांचे गोचीड मरतात का, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. गोचीड पुरवतात सिद्धेश्वर धरणाजवळच्या यशोदाबाई. शेळ्यांच्या कानामागून ते वेचून त्या भोकं पाडलेल्या डबीत भरून ठेवतात. दुकानातलं औषध लहान करडांना चालत नाही, आणि यंदा त्यांची तीन करडं गोचिडांनी रोडावली होती. तेल जमलं की पहिली बाटली त्यांना, असं ठरलं होतं.

जानेवारीत निकाल आला. अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या तेलाच्या पाचही बशांतले गोचीड मेले. नाहिदने लगेच यशोदाबाईंना फोन केला. तुलनेसाठी ठेवलेली सहावी बशी तिने नंतर पाहिली. तिच्यात तेल नव्हतंच, नुसतं अल्कोहोल होतं. तिथलेही मेले होते.

सोमवारी ती बसने यशोदाबाईंकडे गेली. तोवर बातमी शेजारी पोचली होती. शेजारची चांगुणा रिकामी बाटली घेऊनच बसली होती. नाहिदने सगळं सांगितलं.

“म्हंजे तू गोचिडाला दारू पाजली व्हय?” यशोदाबाईंनी विचारलं.

“आमच्या घरचा रोज पिऊन राहिला,” चांगुणा म्हणाली, “त्याला तर काही व्हईना.”

नाहिदने प्रयोग पुन्हा केला, या वेळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून. गोचीड थोडा वेळ निपचित पडले. सकाळी ते बशीच्या कडेवर चढत होते. तेही सांगायला ती गेली. यशोदाबाई करडाच्या कानातला गोचीड चिमटीत धरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तेल कोण लावतं, पोरी? आमी तर पाला जाळून धुरी देतो. टपाटपा गळतेत.”

“मावशी, हे आधी काहून नाही सांगितलं?”

“तू पाल्याचं इचारलं. धुराचं कुठं इचारलं?”

गळालेले मरतात का, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या झाडून बाहेर टाकतात. नाहिदने ते लिहून घेतलं. प्रकल्प मार्चमध्ये द्यायचा आहे, आणि त्यात तेल निष्प्रभ ठरल्याचं ती लिहिणार आहे. करडांचे गोचीड अजून हातानेच काढावे लागतात. परतीच्या बसमध्ये तिने वहीत एकच ओळ लिहिली: गोचीड निरगुडीच्याच धुराने गळतात, की कशाच्याही धुराने?