डायमँटिनाचं कोरडं पात्र

अमेरिकेतल्या शुगर लँडमधले मराठी लोक चारुदत्तकाकांना ‘पाणीवाले काका’ म्हणतात. अख्खी नोकरी शहरातल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे आराखडे काढण्यात गेली; रिटायर झाले तरी खोड जात नाही. कुणी नवं घर घेतलं की काका वास्तुशांतीचं ताट बाजूला ठेवून आधी मागच्या अंगणाचा उतार बघणार आणि यजमानाला घाम फोडणार!

पण लेकीच्या बाबतीतच हा माणूस गाफील राहिला. ब्रिस्बेनला राहणारी अनया नवऱ्याबरोबर, म्हणजे देवांगबरोबर, गाडीने आतल्या वाळवंटाकडे निघाली होती. सुहासिनीकाकूंनी फोनवर बजावलं, “डायमँटिना ओलांडणार ना? मग ओटी भरल्याशिवाय पुढे जायचं नाही.”

“आई, नदी टोटली ड्राय आहे गं!”

“मग पात्रात उतरून मधोमध ठेव नारळ.”

काकांनी तिथलं हवामान बघितलं. आठवडाभर कडकडीत ऊन. “खुशाल उतरा,” ते म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी चहा घेताना त्यांनी सहज त्या नदीचा नकाशा उघडला. बाई मोठी विचित्र! आधी उत्तरेला निघते, मग मन बदलून नैऋत्येला वळते आणि समुद्राकडे पाठ फिरवून, असंख्य फाटे फोडत, वाळवंटातल्या खाऱ्या तळ्याकडे जाते. उतार जवळजवळ नाहीच. वर पडलेला पाऊस खाली रांगत यायला कित्येक दिवस लागतात. आणि वर, उगमाकडे, विंटन गावाच्या बाजूला, मागच्या आठवड्यात धो धो कोसळला होता.

काकांनी कप खाली ठेवला. पाणी कुठून येतं ते जन्मभर लोकांना शिकवलं, आणि स्वतःच्या लेकीसाठी फक्त तिच्या डोक्यावरचं आभाळ बघितलं! हा पूर अंगावर कोसळत नाही. निळ्या आभाळाखाली, आवाज न करता, एकेक फाटा भरत माणसाला चहूबाजूंनी वेढतो. त्यांनी अनयाला फोन लावला. लागेना. देवांगचाही लागेना. ते तिथल्या पोलिसांचा नंबर शोधू लागले.

तेवढ्यात काकू हसतच आल्या. “अहो, अनयाचा मेसेज पहाटेच आलेला, मी आत्ता बघितला.” त्यांनी वाचून दाखवला: “पेट्रोल पंपावर रेंज मिळाली. ओटी भरली. स्पॉट इतका सुंदर आहे, परत जाऊन पात्रातच टेंट लावतोय. दोन दिवस फोन नाही.”

काकू कौतुकाने म्हणाल्या, “पोरगी अजून आपलं ऐकते हो.”