तीन बिघडलेल्या मोटारी

सौंसरला आमच्या शेजारची ती मुलगी अप्रेंटिसशिपसाठी बायोडाटा सुधारायला माझ्याकडे यायची. मी लिहिलेली प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची आणि खोडायची. 'नेतृत्वगुण' खोडताना म्हणाली, "काका, मी कोणाले हुकूम देऊन राहिली?"

बापाच्या दुकानात ती संत्र्याच्या बगीच्यांतल्या पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून वाइंडिंग करायची. ते लिही म्हटलं, तर तिनं पुढे जोडलं, 'तीन माझ्या हातून बिघडल्या.'

मी वैतागलो. "हे वाचून तुला कोण घेईल?"

"बिघडल्या त लिहू नाही का?"

तिनं अर्जासोबत तोच कागद दिला. मुलाखतीत साहेबांनी त्या तीन मोटारींबद्दलच विचारलं आणि तिला घेतलं.

ती पेढे घेऊन आली, तेव्हा घरी पाहुणे होते. बायोडाटा मीच लिहिला, असं मी त्यांना सांगितलं.

"हो, काकांनीच," ती म्हणाली आणि माझ्या हातावर दोन पेढे ठेवले. मी दोन्ही खाल्ले.