पुतळ्यापाशी थांबा

खरं सांगायचं तर मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस. सोलापूरजवळच्या होटगीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, रुळांवरच्या भुतांच्या गोष्टी ऐकल्या आणि टिंगलच केली. आजही भुतंबितं मानत नाही... पण हे माझ्यासमोर घडलं.

तेव्हा मी नोकरीसाठी डब्लिनला होतो. आई गेल्यावर वडील, म्हणजे अण्णा, सोलापुरात एकटे पडले, म्हणून त्यांना काही महिने घेऊन गेलो. जन्म रेल्वेत गेलेला, इंग्रजीचा गंध नाही. हल्ली विसरायलाही लागले होते.

एका दुपारी त्यांना स्वेटर घ्यायला मुख्य रस्त्यावरच्या दुकानात गेलो. काउंटरकडे वळलो, मागे बघतो तर अण्णा नाहीत. बाहेर बोचरा वारा, त्यांच्याकडे मोबाईल नाही, शुगरची गोळी माझ्या खिशात. आजूबाजूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, पोलिसांना सांगितलं. मग मुख्य रस्त्याने धावत सुटलो.

रस्त्याच्या अगदी टोकाला एका आयरिश पुढाऱ्याचं स्मारक आहे. त्यांच्या स्वराज्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये भांडलेला माणूस. उंच दगडी स्तंभ आणि पायथ्याशी हात पुढे केलेला ब्राँझचा पुतळा. त्या पुतळ्याखाली अण्णा निवांत बसले होते, हातात चहाचा कागदी कप.

इतक्या लांब कसे आलात, विचारलं. तर म्हणाले, "तुजी आई म्हणाली, पुतळ्यापाशी थांबा, पोरगं हितंच येतंय."

लहानपणी दिवाळीच्या खरेदीला आम्ही होटगीहून सोलापुरात यायचो. नवी पेठेत शिरण्याआधी आई बजावायची — चुकामूक झाली तर चार हुतात्म्यांच्या चौकात, चार पुतळ्यापाशी थांबायचं, हलायचं नाही. आम्ही पोरं कधी हरवलो नाही. हरवायचे ते अण्णाच. ओळखीचं कुणी दिसलं की गप्पांत अडकायचे. मग आम्ही पिशव्या ओढत पुतळ्यापाशी जावं, तर हे तिथे शेंगा खात उभे! आई हातातली सगळ्यात जड पिशवी तेवढी त्यांच्याकडे द्यायची.

म्हातारपणी जुनं-नवं एक होतं, असं मी मनाला समजावलं. तेवढ्यात शेजारच्या कॉफीच्या टपरीवरची मुलगी बाहेर आली आणि तुमची आई कुठे गेली, असं विचारू लागली. म्हातारा कुडकुडतोय म्हणून ती त्यांना हॉट चॉकलेट देणार होती, पण शेजारी उभ्या असलेल्या साडीवाल्या बाईंनी नको म्हणून खुणावलं. मग तिने बिनसाखरेचा चहा दिला. कसं खुणावलं, ते तिने करून दाखवलं... मान किंचित तिरकी, तळहात उपडा, दोनदा झटकलेला.

लग्नाच्या पंगतीत जिलबीवाला अण्णांच्या पानाशी आला की आई अगदी अशीच खूण करायची. स्वतः अण्णांनी गोडाला आयुष्यात नाही म्हटलेलं नाही.

तिथे भारतीय बायका पुष्कळ आहेत. असेल कुणी भली बाई. पण तिला शुगरचं कसं कळलं? आणि तो हात? आता आम्ही दोघं सोलापुरात परत आलोय, मी अजून डोकं खाजवतोय.

अण्णांना मात्र कसलाच प्रश्न पडला नव्हता. त्या दिवशी घरी परतताना ट्राममध्ये सारखे मागे वळून पुतळ्याकडे बघत होते. काय झालं म्हणून विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एवढ्या थंडीत उभी व्हती. तिला कुनी चहा इचारला न्हाय... तशीच गेली की."